सूर्य, सजदा आणि जवालची वेळ

प्रश्न : गच्चीवर असरची (दुपार उतरल्यानंतरची) नमाज पढायला उशीर झाला की मावळता सूर्य बरोबर समोर येतो. शेजारच्या काकांनी परवा विचारलं, "म्हणजे तुम्हीही सूर्यालाच नमस्कार करता ना?" त्यांना काय सांगावं? आणि इस्लाम सूर्यपूजेला शिर्क का म्हणतो?
– एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : काकांना डिसेंबरात पुन्हा गच्चीवर बोलवा. नमाज सूर्याकडे नव्हे, मक्केतल्या काब्याकडे तोंड करून पढतात. नाशिकहून काबा पश्चिमेला, उत्तरेकडे साधारण ९ अंश कललेला आहे. मावळतीचा सूर्य एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्ट संपताना नेमका त्या रेषेवर येतो, म्हणून तो समोर दिसतो. डिसेंबरात तो तिथून ३० अंशांहून जास्त डावीकडे सरकलेला असतो, तरी नमाजी त्याच्यामागे तोंड फिरवत नाही.

उलट, सूर्य उगवताना, ऐन माथ्यावर असताना आणि मावळताना नमाज पढायला हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) मनाई आहे. कारणही दिलेलं आहे : उगवत्या-मावळत्या सूर्याला त्या वेळी सजदा (जमिनीला कपाळ टेकून नमन) करणारे लोक होते, त्यांच्याशी सारखेपणाही नको. हनफी या सुन्नी विचारधारेच्या मतानुसार त्या दिवशीची राहिलेली असर मावळतानाही पढता येते, पण सूर्य पिवळा पडेपर्यंत विनाकारण थांबणं मकरूह (नापसंत) आहे. तेव्हा गच्चीवर जरा लवकर जा.

आता शिर्कबद्दल. शिर्क म्हणजे अल्लाहच्या इबादतीत (उपासनेत) दुसऱ्या कुणाला भागीदार करणं. सूर्य वाईट आहे असं कुरआन कुठेच म्हणत नाही. 'अश-शम्स' (सूर्य) नावाची एक अख्खी सूरह, म्हणजे कुरआनचा अध्याय, आहे आणि ती सूर्याच्या शपथेने सुरू होते. पण सूर्य निर्माण केलेला आहे, हुकमाचा ताबेदार आहे. सूरह हा-मीम सजदाच्या ३७व्या आयतीत (वचनात) स्पष्ट सांगितलंय की रात्र-दिवस, सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. सूर्याला किंवा चंद्राला सजदा करू नका, त्यांना घडवणाऱ्याला करा. ही आयत आणि तिच्या पुढची पढली की तिलावतीचा (कुरआन-पठणाचा) सजदा करायचा असतो. सूर्यापुढे झुकू नका म्हणणारी आयत वाचून माणूस लगेच अल्लाहपुढे झुकतो, हे आम्हाला फार सुंदर वाटतं.

सूरह नम्लमध्ये हुदहुद पक्षी हजरत सुलेमानांना खबर देतो की सबाची राणी आणि तिची प्रजा सूर्याला सजदा करते. सूरह अनआममध्ये हजरत इब्राहीम तारा, चंद्र आणि शेवटी सूर्य मावळताना पाहतात आणि आपल्या कौमला (लोकांना) सांगतात की तुमच्या शिर्कशी माझा संबंध नाही. इस्लामपूर्व अरबांत 'अब्द शम्स', म्हणजे सूर्याचा दास, असं नावही ठेवत.

काका कदाचित म्हणतील, "आम्ही सूर्यात त्या एकालाच पाहतो." हा मुद्दा मनापासून ऐकून घ्या. इस्लामची भूमिका अशी की सजदा, दुआ, नवस ही इबादत मध्यस्थ म्हणूनही निर्मितीकडे वळवायची नाही. सूरह जुमरची तिसरी आयत याच युक्तिवादाबद्दल आहे. पण गोदाकाठी अर्घ्य देणाऱ्याला नावं ठेवण्याची परवानगी यातून मिळत नाही. लोक अल्लाहखेरीज ज्यांना पुकारतात त्यांना अपशब्द बोलू नका, हा हुकूम त्याच सूरह अनआममध्ये आहे (आयत १०८).

प्रश्न : जवाल दुपारी बारालाच असतो ना?
– वाचक, सातपूर

उत्तर : लोक ज्याला जवाल म्हणतात ती, सूर्य ऐन माथ्यावर असण्याची वेळ नाशकात बाराला कधीच नसते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि नाशिक ७३.८च्या आसपास. त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला सरासरी ३५ मिनिटं उशीर होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही वेळ १२.१८च्या सुमारास येते, फेब्रुवारीच्या मध्यात १२.४९पर्यंत जाते. बारा वाजून पाच मिनिटांनी पढलेली जोहर (दुपारची नमाज) वेळेआधीची ठरते, ती पुन्हा पढावी लागते. आणि बाराला थांबून साडेबाराला नफिल (ऐच्छिक नमाज) पढणारा नेमका मनाईच्या वेळेत सापडू शकतो.

एक शब्दही सुधारून घ्या. मनाई आहे ती 'इस्तिवा'ला, सूर्य माथ्यावर असताना. जवाल म्हणजे तो ढळणं. तिथे मनाई संपते आणि जोहर सुरू होते.

खात्री करायची तर सपाट जमिनीवर काठी ओळंब्यात उभी करा आणि दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सर्वांत आखूड सावली म्हणजे इस्तिवा. ती पूर्वेकडे वाढू लागली की जोहर. २०-२१ मेच्या सुमारास नाशकात सावली पायाशीच नाहीशी होते. तेव्हा पूर्वेला ती पुन्हा दिसेपर्यंत थांबा.

सूर्योदयानंतरही १५-२० मिनिटं जाऊ द्या, मग इशराक (सकाळची ऐच्छिक नमाज) पढा.

प्रश्न : मुलाच्या शाळेत सूर्यनमस्कार घेतात. काय करावं?
– एक आई, नाशिक रोड

उत्तर : सूर्याची बारा नावं घेऊन, हात जोडून केलेला नमस्कार हा इबादतीचाच प्रकार होतो, त्यात मुलाने सहभागी होऊ नये. मंत्राशिवाय, निव्वळ व्यायाम म्हणून केलेल्या हालचालींबद्दल उलेमांत (धर्मविद्वानांत) मतभेद आहेत. आमचा सल्ला असा की त्या वेळात मुलाला दुसरा व्यायाम द्यावा, अशी विनंती वर्गशिक्षकांना लेखी करा. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही, असं संविधानाचं कलम २८ (३) सांगतं. पत्रात कलमाचा उल्लेख असू द्या, पण भाषा सौम्य ठेवा; त्या शिक्षकांशी मुलाचा रोजचा संबंध आहे.