सबब ठेवा, सदर खोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणाऱ्या मुंबईत वकिली करतात, शिक्षण सगळं इंग्रजीत झालेलं. घरमालकाच्या वतीने भाडेकरूला मराठीत नोटीस लिहायची वेळ आली. शेवटी त्यांनी 'सबब' लिहिलं, तर सिनिअरांनी ते खोडलं, म्हणाले याचा अर्थ बहाणा होतो, आणि मग जिथे जागा दिसली तिथे 'सदर' घातलं. यात बरोबर कोण, सदर आणि सदरहूमध्ये काय फरक, आणि मजकूर म्हणजे नक्की काय?

तर सिनिअरांचा मान राखून सांगतो, त्यांनी नेमकं उलटं केलंय.

सबब हा मुळात अरबी शब्द, फारसीतून आपल्या दफ्तरात आला, अर्थ साधा, कारण. बहाणा वगैरे नंतरचं. आपण पोराला "सबबी सांगू नकोस" म्हणतो कारण तो सांगतो ते कारणच असतं, फक्त आपला त्याच्यावर विश्वास नसतो, आणि तेवढ्यात बिचाऱ्या शब्दाची अब्रू गेली. कोर्टाच्या कागदात मात्र जुना अर्थ अजून शाबूत आहे. "सबब ही नोटीस" म्हणजे या कारणाने ही नोटीस. वर काय घडलं ते, खाली तुम्ही काय मागताय ते, आणि मधे हा एक शब्द, वाचणाऱ्याला कळतं की हकीकत संपली, आता मागणी सुरू. 'म्हणून' लिहा, 'त्यामुळे' लिहा, माझं काही म्हणणं नाही, पण सबब लिहिलंत तर एकदाच लिहा आणि त्याच्या वर खरंच काहीतरी कारण असू द्या. मी अशा नोटिसा बघितल्यात की पहिल्या परिच्छेदात फक्त पक्षकाराचं नाव-गाव-पत्ता आणि लगेच दुसरा परिच्छेद "सबब" ने सुरू. अरे कसली सबब, अजून काही झालंच नाहीये.

आता सदर. हाही अरबीच, मूळ अर्थ छाती, पुढचा भाग, त्यावरून मानाची जागा, म्हणून वाड्याची सदर, आणि पेपरातलं सदरही त्याच घरचं. कागदात सदर म्हणजे वर येऊन गेलेला. सदरहू, सदरील हेही तेच, अर्थात काडीचा फरक नाही, सदरहू जरा जुन्या वळणाचं वाटतं इतकंच. शब्द वाईट नाही. भानगड अशी आहे की तो बदलत नाही. तो-ती-ते म्हटलं की निदान बाप्या की बाई की वस्तू, एक की अनेक, एवढं तरी कळतं, सदर मात्र सगळ्यांना सारखंच, सदर इसम, सदर स्त्री, सदर इसमांनी. म्हणजे मराठीने फुकटात दिलेली खूण आपणच पुसून टाकतो आणि वर वाटतं की भाषा कायदेशीर झाली. (पुढच्या नामाला प्रत्यय लागला की तो आणि ती दोघांचंही 'त्या' होतं, त्या इसमाने, त्या स्त्रीने, हे खरं, तिथे सरळ नाव घ्यावं, नाव घेतल्याने कागद विटाळत नाही.)

मी वकील नाही. फोर्टात बसून दस्तांची भाषांतरं करतो, घटनेच्या ३४८ कलमामुळे हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे खालच्या कोर्टांतून आलेले मराठी कागद माझ्यासारख्यांच्या टेबलावरून जातात. आणि भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक सदर कोणाकडे बोट दाखवतंय ते शोधावंच लागतं, त्याला "असेल कोणीतरी" म्हणून पुढे जाता येत नाही. लालबागच्या एका चाळीतलं प्रकरण होतं, वरती दोन खोल्या, १४ आणि १७, आणि तीन भाऊ, आणि मग नोटिशीत हे वाक्य:

"सदर इसमाने सदर खोलीचे भाडे सदर महिन्यापासून थकवले असून सदर खोली सदर इसमाने आपल्या भावास परस्पर वापरण्यास दिली असल्याने सदर बाब गंभीर आहे."

सहा सदर. कुठली खोली, कुठला भाऊ? मी वकिलांना फोन केला तर त्यांनाही आधी फाईल उघडावी लागली, आणि नोटीस त्यांनीच लिहिलेली. मला विचाराल तर हे असं लिहावं (आकडे माझे, ते प्रकरण वेगळं होतं):

"खोली नं. १४ चे भाडे तुम्ही जून २०१९ ते मार्च २०२० या १० महिन्यांचे दिलेले नाही. दरमहा ४२५ रुपयांप्रमाणे ते ४,२५० रुपये, अक्षरी रुपये चार हजार दोनशे पन्नास फक्त, होते. खोली नं. १७ तुम्ही आमच्या पक्षकाराला न विचारता तुमच्या धाकट्या भावाला वापरायला दिली आहे. सबब..."

आणि मग मागणी. बघा, सबब कसं आपल्या जागी येऊन बसलं.

हे नुसतं नटवणं नाही हं. भाडं थकलं म्हणून ताबा मागायचा असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १५ प्रमाणे आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ती बजावल्यावर ९० दिवस जाईपर्यंत दावाच लावता येत नाही. म्हणजे पुढचा सगळा डोलारा या एका कागदावर, आणि त्यातच कुठल्या खोलीचं किती ते धड नसेल तर समोरचा वकील काय गप्प बसणारे का? तारखा, रकमा आकड्यात आणि अक्षरी दोन्ही लिहायच्या हे दाव्यासाठी आणि कैफियतीसाठी, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरासाठी, दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर ६ रूल २ मध्ये सांगितलंय, नोटिशीलाही ती सवय लावून घ्या.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत पण इंग्रजीतून मराठीत येणारे सगळे इथे ठेचकाळतात. "वादी यांनी". आपल्याकडे मान द्यायचा तर एका माणसालाही अनेकवचन लागतं, त्यामुळे वादी तीन असले की "वादी यांनी पैसे दिले" म्हणजे एकाने दिले की तिघांनी, देव जाणे. इंग्रजीत हा घोळ होत नाही म्हणून तो लक्षातच येत नाही. वादी क्र. १ यांनी, किंवा तिघाही वादींनी, असं फोडून लिहा.

तसंच ते "परिच्छेद ४ मधील मजकूर खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही". ही ओळ कैफियतीत इतकी पाठ झालीये की टायपिस्ट वकिलाची वाट न बघता टाकतो. मान्य आणि कबूल एकच, ते जाऊ दे, पण त्याच संहितेतल्या ऑर्डर ८ च्या रूल ३ ते ५ प्रमाणे नुसता सरसकट नकार पुरत नाही, एकेक गोष्ट घेऊन नाकारावी लागते, नाहीतर ती कबूल धरली जाऊ शकते. आणि नाकारायचं तेही नीट. "वादीकडून ५०,००० रुपये घेतले नाहीत" असं लिहिलंत तर आमच्या चाळीतली आजीसुद्धा विचारेल, मग चाळीस घेतलेस का रे? रूल ४ चं म्हणणं आजीचंच आहे, ती रक्कम किंवा त्यातला कुठलाही भाग घेतला नाही असं लिहायला हवं, आणि थोडे घेतले असतील तर किती ते सांगायला हवं.

राहिलं मजकूर. मूळ अरबी अर्थ उल्लेख झालेला, म्हणजे खरं तर सदरचाच भाऊबंद. आज आपण तो लिहिलेला ऐवज, लिखाण या अर्थी वापरतो आणि वरच्या कैफियतीतही तोच अर्थ आहे. पण गावच्या जमिनीचं एखादं जुनं खरेदीखत हातात आलं आणि त्यात "मौजे मजकूर" दिसलं तर दचकू नका, ते गावाचं नाव नाही, वर सांगितलेलं गाव एवढंच. मी एका इंग्रजी भाषांतरात व्हिलेज मजकूर, तालुका अलिबाग असं टाईप केलेलं बघितलंय, खाली खरी प्रत म्हणून सही-शिक्का सगळं झालेलं.