बाळाच्या अँटिबायोटिक ड्राय सिरपमध्ये पाणी नेमकं किती नि कसं घालायचं?

शक्यतो मेडिकलमध्येच फार्मासिस्टकडून घालून घ्या. घरी करायचं तर आधी बाटली हातावर आपटून पावडर सुटी करा, नाहीतर तळाशी गोळा बसतो आणि सुरुवातीचे डोस पातळ जातात. औषधाच्या खोक्यात आलेलं किंवा उकळून पूर्ण गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेसालाच पाणी समजलं तर पाणी कमी पडतं, औषध तीव्र होतं. बहुतेक जण इथेच चुकतात. बाटलीवर तारीख लिहा.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट असेल तर फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको), 7 दिवसांनंतर वापरू नका. पुण्यातल्या एप्रिलच्या उकाड्यात ओट्यावर तर मुळीच राहू देऊ नका. डोस दरवेळी बाटली हलवून, एमएलच्या खुणांच्या सिरिंजनेच द्या. घरातले चमचे सारखे नसतात. उरलेलं पुढच्या तापाला ठेवू नका, कृपया.