सोलापूरला आमच्या टॉवेल कारखान्यात कामाचे मोबाइल इव्हांटी ईपीएमएमवर (कंपनीचे मोबाइल एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहेत. त्यातली २०२३ची सुरक्षा-त्रुटी पॅच (दुरुस्तीचं अपडेट) टाकल्यावर संपते का?

नाही, भोक बुजतं, पण आधी आत शिरलेला माणूस पॅचने बाहेर जात नाही. या त्रुटीत (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-३५०७८) लॉगिन न करताच एपीआय, म्हणजे प्रोग्रामने सर्व्हरकडून माहिती घेण्याचा मार्ग, उघडा मिळायचा: कामगारांची नावं, फोन नंबर दिसायचे, वर नवं अ‍ॅडमिन खातंही काढता यायचं. तीव्रता १० पैकी १०. पॅच जुलै २०२३चा. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा आणि नॉर्वेच्या सायबर केंद्राच्या संयुक्त इशाऱ्यानुसार गैरवापर निदान एप्रिलपासून चालू होता. त्यामुळे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सर्व्हर असेल, तर आजच बघा:
- अनोळखी अ‍ॅडमिन खाती
- जुन्या लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) '/mifs/aad/api/v2/' या मार्गावर बाहेरून आलेल्या, २०० (म्हणजे यशस्वी) उत्तर मिळालेल्या विनंत्या

तुम्ही इव्हांटीची क्लाउड सेवा वापरत असाल, तर ही त्रुटी तुम्हाला लागू नाही.