३००० लुमेन आणि ८ तास? आधी सेलचा हिशोब करा

रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाताना '३००० लुमेन, ८ तास' असं छापलेला स्वस्त टॉर्च घ्यावा की '५०० लुमेन, अडीच तास' वाला महागडा, असं तुम्ही विचारलंय. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. दोन्हींत १८६५० चा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, पुन्हा चार्ज होणारा लिथियम-आयन) एकच सेल आहे, म्हणजे उत्तर तिथेच मिळतं.

चांगला १८६५० सेल साधारण ३५०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) असतो. त्याला ३.६ व्होल्टने गुणलं की १२.६ वॅट-तास. बऱ्यापैकी एलईडी आणि सर्किट मिळून एका वॅटला ढोबळमानाने १०० लुमेन देतात, म्हणजे पूर्ण सेलमागे सुमारे १२६० लुमेन-तास. ५०० गुणिले अडीच १२५०, हे बसतं. ३००० गुणिले ८ म्हणजे २४,०००. त्याला असे १९ सेल लागतील! सेलवर ९८०० एमएएच छापलं असेल तर तो किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. त्याहून बराच हलका असेल तर आत माल कमी आहे.

वॅटमागे १०० हा आकडाही कायम राहत नाही. फुल मोडवर एलईडी तापतो आणि त्याच विजेत कमी उजेड देतो; मंद मोडवर तोच जास्त देतो. म्हणून मधला मोड किती तास चालतो ते आधी बघा.

नामांकित कंपन्यांच्या 'एफएल१' (टॉर्च मोजायचं एक प्रमाण) आकड्यांतही एक मेख आहे. त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. १००० लुमेनचा टॉर्च दोन-तीन मिनिटांत २५० वर उतरून पुढे तीन तास चालला, तरी खोक्यावर '१००० लुमेन, ३ तास' येतं. त्यामुळे उजेड आणि वेळेचा आलेख दिला असेल तर तोच बघा. नसेल तर घरी तपासा: अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडे करून ठेवा, मोबाइल बाजूला एकाच जागी ठेवा आणि लक्समीटर अॅपवर ३० सेकंदांनी, मग दर १५ मिनिटांनी आकडा लिहा. अॅपचा आकडा अचूक नसला तरी किती टक्के घट झाली ते नीट कळतं. टॉर्चचं अंग हातात धरवेना इतकं तापलं तर लगेच बंद करा.

लांबचं दिसणं कँडेलावर, म्हणजे झोत एका दिशेला किती तीव्र आहे त्यावर ठरतं, लुमेनवर नाही. कँडेलाचं वर्गमूळ गुणिले दोन म्हणजे मीटर: १०,००० कँडेलाला २०० मीटर. पण तिथे पोचणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच, ०.२५ लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणारा उजेड). कामाचं अंतर निम्मं किंवा त्याहून कमी धरा.

तुम्हाला मात्र पायापुढचं नीट दिसायला हवं. पाचोळ्यातली घोणस अरुंद, निळसर झोतात सहज सुटते. त्यासाठी पसरट झोत, ४००० ते ५००० केल्विनचा (ना फार पिवळा, ना निळसर) रंग आणि १००-१५० लुमेनचा मोड पुरेसा आहे. त्या मोडवर हा सेल आठ तासांच्या आसपास जातो. लांबच्या बांधावर बघायला फुल मोड अधूनमधून लावा. भिंग पुढेमागे सरकवायचे झूम टॉर्च टाळा, त्या फटीतून पाणी शिरतं. आयपीएक्स७ (पाण्यात पडला तरी आत पाणी न शिरण्याची खूण) लिहिलेला बघा. आणि सेल २.५ व्होल्टच्या खाली गेला असेल तर पुन्हा चार्ज करू नका.