एआय सगळी उत्तरं देतंय, मग स्वतः डोकं चालवायची सवय कशी टिकवायची?

आधी एक किस्सा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एका वकिलाने एव्हियांका एअरलाइनविरुद्धच्या केसमध्ये जुन्या निकालांचे दाखले दिले, आणि त्यातले सहा निकाल अस्तित्वातच नव्हते, चॅटजीपीटीने रचलेले. पण मला खरी गंमत वाटते ती पुढची, त्या वकिलाला शंका आली होती, त्याने विचारलं पण की बाबा हे खरे आहेत ना, पण कोणाला विचारलं तर परत चॅटजीपीटीलाच! ते म्हणालं हो हो खरे आहेत. ५,००० डॉलर दंड झाला.

म्हणजे शंका घेणं पुरेसं नाही, ती तपासायची कुठे हे कळायला हवं. चॅटजीपीटीसारखं एआय पुढचा शब्द कुठला शोभेल ते बघत वाक्य जुळवतं, त्यामुळे खरं आणि खोटं दोन्ही त्याच ठसक्यात येतं. मी एकदा तुकारामांचा अभंग मागितला, शेवटी ‘तुका म्हणे’ वगैरे सगळं झकास, गाथेत शोधला तर नाहीच.

मी हल्ली एवढंच करतो की विचारण्याआधी स्वतःचं उत्तर दोन ओळीत लिहून ठेवतो, चुकलं तरी चालेल, मग ताडून बघतो. आणि आकडा, तारीख, कायदा, औषध असं काही असेल तर मूळ कागद उघडतो. गुलाबजामच्या रेसिपीला एवढं काही करत नाही हां, बिघडले तर बिघडले.