तिसऱ्यांदा गॅस भरायचा, की नवा एसी घ्यायचा?

नागपूरहून एका शिक्षिकेने विचारलं आहे: स्वतःचं घर, वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. 2016 मध्ये घेतलेला दीड टनाचा एसी, इन्व्हर्टर नसलेला (म्हणजे कॉम्प्रेसर कायम एकाच वेगाने चालणारा). सलग दोन उन्हाळे गॅस भरावा लागला, यंदा मेकॅनिक पुन्हा 3,200 रुपये मागतो आहे. दुकानदार म्हणतो, 5 स्टार इन्व्हर्टर घ्या, वीजबिलातच पैसे वसूल होतील. किंमत 46,000, बारा 'नो कॉस्ट' हप्ते, रोखीत 43,000. हाताशी 2 लाखांची एफडी आहे. ती मोडू, हप्ते घेऊ की दुरुस्ती करू?

ताई, आधी 'वसूल होतील'चा हिशोब करू. स्टारच्या लेबलवर वर्षाची जी युनिटं छापलेली असतात, ती 1,600 तास वापर धरून. तुमचा एसी एप्रिल ते जून, रात्रीचे आठ-नऊ तास चालतो, म्हणजे 800 तासांच्या आसपास. जुना एसी तासाला सरासरी 1.2 युनिट खातो असं धरलं तर हंगामात 960 युनिटं होतात. नवा, नागपूरचं ऊन धरून, 500 च्या घरात राहील. वाचली 450 ते 460. तुम्ही पाठवलेल्या मे महिन्याच्या बिलात 460 युनिटं आहेत. महावितरणचा दर 100 आणि 300 युनिटांच्या टप्प्यांवर चढतो, आणि वाचणारी युनिटं वरच्या, महाग टप्प्यातूनच कमी होतात. म्हणून सगळे आकार धरून 15 रुपये युनिट लावतो. वर्षाला पावणेसात-सात हजार वाचतील. रोख किंमत वसूल व्हायला सहा वर्षांहून जास्त लागतील.

आता तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेली गोष्ट: खालच्या खोलीत कूलर आहे. तो वर आणा! एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खसच्या ताट्या लावलेला कूलर नागपुरात जे काम करतो, ते मुंबईकराला सांगून पटणार नाही. पाऊस पडला की तो निव्वळ दमट वारा फेकतो, तेव्हा एसी लावा. (दोन्ही एकाच खोलीत एकदम नको, कूलरची ओल काढण्यातच एसीची वीज जाते.) असं केलंत तर एसीचे तास निम्म्यावर येतील, आणि नव्या एसीची वसुली बारा वर्षांवर जाईल. तोवर तोच म्हातारा झालेला असेल. कमी वापरणाऱ्याला महागडी बचत परवडत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही.

शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खोलीत सोडत राहतो, एसीचा बराच जोर त्याच्याशी भांडण्यात जातो. मार्चमध्ये गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारून घ्या. चुना चार-पाच हजारांत होतो आणि दरवर्षी मारावा लागतो, तरी माझ्या यादीत हा खर्च पहिला. सेटिंग 24 ते 26 आणि वर पंखा. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशोबाने तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते.

दुरुस्तीबाबत मात्र मेकॅनिकला तसंच जाऊ देऊ नका. एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता दोनदा गॅस भरला, म्हणजे ते पैसे हवेत गेले. नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करा, म्हणा. गळती पाइपच्या जोडावर निघाली तर जोड दुरुस्त करा, गॅस भरा, अजून दोन-तीन वर्षं काढा. कूलिंग कॉइललाच भोक असेल आणि नव्या कॉइलचे आठ-दहा हजार सांगितले, तर थांबा. बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर आर-22 लिहिलं असेल तरीही थांबा. तो गॅस टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे, त्या मशीनवर मोठा खर्च नको.

मग नवा घ्यायचाच झाला, तर 3 स्टार इन्व्हर्टर बघा. 5 स्टारशी लेबलवरचा फरक 200 युनिटांचा असेल, तर तुमच्या तासांना तो 100 युनिटांचा, म्हणजे वर्षाला 1,500 रुपयांचा. त्यासाठी आठ-नऊ हजार जास्त का मोजायचे? दिवसाही लावणार असाल, तर गोष्ट वेगळी.

'नो कॉस्ट' हप्त्यात तुमची 3,000 ची रोख सवलत बुडते. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं, तर ते साधारण 13 टक्के व्याज झालं, प्रोसेसिंग फी वेगळी. एफडी मोडू नका, अडीअडचणीचा तेवढाच पैसा दिसतो आहे. तिच्यावर कर्ज घ्या. त्याचा दर एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असतो, आणि 3,800 चा हप्ता तुम्ही भरायला तयार होतातच. जोड दुरुस्त होऊन काम भागलं, तर हेच 3,800 आवर्ती ठेवीत टाका. पुढच्या थंडीत, दुकानात गर्दी नसताना, रोखीने घासाघीस करता येईल.

आणि हो, घासाघीस किमतीपुरती नको. ज्यादा तांब्याचा पाइप, स्टँड, स्टॅबिलायझर हे सगळं बिलात आधी लिहून घ्या. बसवायला येणाऱ्याकडे व्हॅक्यूम पंप आहे का, तेही विचारा. नुसता गॅस सोडून पाइपातली हवा उडवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.