दस्त्याला करवत लावण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची चार छायाचित्रे पोहोचली. पत्र दोनदा वाचले. छायाचित्रे किती वेळा पाहिली ते सांगत नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात घडवलेली माउझर ९८ या जर्मन यंत्रणेची शिकारी रायफल, ७ बाय ५७ चे (७ मिलिमीटर व्यास, ५७ मिलिमीटर पुंगळी) काडतूस, अक्रोडाचा सडसडीत दस्ता (नळीखालचा आणि खांद्याला टेकणारा लाकडी भाग) आणि नळीवर अजून मूळचीच नेम धरायची मागची खाच व पुढची माशी, एवढा ऐवज हाती असताना तू लिहितोस की रेंजवरचे मित्र तिला आजोबांची काठी म्हणून हसतात. त्यांच्या रायफली अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यात बसवलेल्या आहेत, त्यांच्यावर पंचवीस पट मोठे दाखवणारे स्कोप आहेत, तेव्हा हिलाही ‘थोडीशी आधुनिक’ करून घ्यावी का, असे तू विचारतोस, आणि कारागिराकडून तारीखही घेऊन ठेवली आहेस. त्या ‘थोडीशी’ने माझी झोप उडवली, म्हणून हे उत्तर तातडीने लिहीत आहे.

हे थोडेसे म्हणजे किती, ते आधी मोजून पाहा. स्कोप बसवायचा तर रिसीव्हरला, म्हणजे नळीमागच्या पोलादी घराला, पुढे दोन आणि मागे दोन अशी भोके पाडून त्यांत आटे कापावे लागतात. स्कोप बसला की कळते की बोल्टचा, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दट्ट्याचा, दांडा वर उचलताना त्यावर आपटतो. म्हणून दांडा कापून, खाली वळवून पुन्हा जोडायचा. मग बोल्टच्या शेपटीवरची सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू न देणारी खिट्टी, जी पताकेसारखी उभी राहून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरते, तिला स्कोपखाली फिरायला जागा उरत नाही. म्हणून तीही बदलायची. एवढे सगळे झाल्यावर रायफल खांद्याला लावलीस की गाल हवेत तरंगेल, कारण तुझ्या दस्त्याचा माथा उघड्या खाचेतून पाहण्यासाठी मुद्दाम खाली ठेवलेला आहे आणि स्कोपची नजररेषा त्याहून बरीच वर असते. म्हणजे शेवटी दस्ताही नवा आणायचा. भोकापासून निघालेला माणूस दस्त्यापर्यंत पोहोचतोच, मध्ये उतरायला थांबा नाही. म्हणून माझे सांगणे एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी सांगणार आहे: रायफल बदलू नकोस, स्वतःच्या सवयी बदल.

हे मी कुठल्या अधिकाराने सांगतो, तेही सांगून टाकतो. मी सव्वीस वर्षांचा असताना तुझ्या रायफलीची जवळजवळ सख्खी बहीण शोभेल अशी एक रायफल माझ्याकडे होती, आणि मी तिच्यावर वर लिहिलेले सर्व प्रयोग करून घेतले. कारागिराचे नाव घेत नाही. त्याने मागची दोन भोके नळीच्या रेषेपासून किंचित डावीकडे पाडली. किंचित म्हणजे डोळ्याला न दिसण्याइतकी, पण स्कोपची नेम आडवा सरकवणारी चकती शेवटापर्यंत फिरवली तरी गोळी कागदाच्या मध्यावर येईना. मग त्याने शेजारी आणखी दोन भोके पाडली आणि जुन्या भोकांत खिळे बसवून ती घासून टाकली. त्याच झटक्यात मी दस्त्याचे टोक करवतीने कापून रबराची गादी लावून घेतली, कारण धक्का जरा जास्त लागतो असे मला वाटे. खरे तर रायफल खांद्यात घट्ट बसवायची असते हेच मला कोणी शिकवले नव्हते. कापलेला लाकडाचा तुकडा त्याने मला कागदात गुंडाळून परत दिला. त्यावर पोलादी पट्टीच्या दोन स्क्रूंची भोके होती आणि काळपट नसांचा एक सुंदर वळसा होता, जो उरलेल्या दस्त्यावर मध्येच तुटल्यासारखा दिसू लागला. तो तुकडा माझ्याकडे अजून आहे. रायफल नाही, कारण तिच्याकडे पाहवेना म्हणून मी ती दोन वर्षांत विकली.

आता तू म्हणशील की त्या काळी सगळेच असे करत होते. हो, करत होते, आणि त्यात सारेच चूक होते असे मी आजही मानत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करांनी काढून टाकलेल्या माउझर ढिगाने बाजारात आल्या आणि त्यांच्या जड दस्त्यांवर रंधा फिरवून लोकांनी स्वस्तात शिकारी रायफली करून घेतल्या. साच्यातून हजारोंनी निघालेल्या वस्तूला कोणी नवे रूप दिले तर मी भांडायला जाणार नाही. पण तुझी रायफल कोणा घडवणाऱ्याने मुळातच शिकारीसाठी, लाकडाच्या नसा निवडून, खाच आणि माशी तासून, वजनाचा तोल साधून केलेली आहे. त्यात तू जे घालशील ते ठिगळच दिसेल. मी तरुण होतो, हातात पगार होता, सल्ला देणारे चुकीचे होते, हे सगळे खरे. तरी करवत लावायला होकार मीच दिला होता.

तुझ्या मित्रांच्या आकड्यांकडे वळू, कारण तुला खरा त्रास त्यांचा होतो आहे. त्यांच्या रायफली शंभर मीटरवर पाच गोळ्या दीड सेंटिमीटरच्या वर्तुळात बसवतात आणि तुझ्या पाच सेंटिमीटरमध्ये पसरतात, असे तू जरा शरमून लिहितोस. नेमबाज पसारा मिनिट कोनात, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात मोजतात; एक मिनिट कोन म्हणजे शंभर मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, म्हणजे तुझी रायफल पावणेदोन मिनिट कोनाच्या आत मारते, आणि तेही उघड्या खाचेने. मध्यम आकाराच्या हरणाच्या हृदय आणि फुप्फुसांचा भाग साधारण वीस सेंटिमीटरचा धरतात. त्या मापात तुझे पाच सेंटिमीटर चारदा बसतात. शिवाय त्यांचे दीड सेंटिमीटर मेजावर, दोन पायांच्या टेकूवर आणि मागे वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून काढलेले आहेत. त्यांना एकदा उभे राहून, कशाचाही टेकू न घेता पाच गोळ्या मारायला सांग. तिथे वर्तुळ हातांच्या थरथरीने ठरते. रायफल दीडची की पाचची याला फारसे महत्त्व उरत नाही. सहाशे मीटरवरच्या पोलादी पाटीवर मात्र ते तुला दर वेळी हरवतील. तिथे वाद घालू नकोस, टाळ्या वाजव आणि आपल्या शंभर मीटरच्या रेघेवर परत ये.

त्यांच्या हत्यारांना नावे ठेवावीत असेही माझे म्हणणे नाही. ज्या पट्टीवर ते स्कोप, टेकू आणि काय काय अडकवतात तिचे माप १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने प्रमाणित केले आणि त्यामुळे कोणाचेही साहित्य कोणाच्याही रायफलीवर बसू लागले. ही सोय मोठी आहे. सांगाड्याचा दस्ता लांब-आखूड होतो, गालाची पट्टी वर-खाली होते, पावसात काही फुगत नाही. ती रायफल माणसाच्या मापाला येते, तुझ्या रायफलीच्या मापाला मात्र माणसाने यावे लागते, आणि मला जो आनंद मिळतो तो या दुसऱ्या प्रकारात आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव, म्हणजे उगाच नाक वर करून बोलणार नाहीस: ज्या यंत्रणेला आपण आज अभिजात म्हणतो ती १८९८ साली जर्मन सैन्याची नवी कोरी लष्करी रायफल होती. पहिल्या महायुद्धात बोल्ट वापरायला शिकलेले सैनिक घरी परतले आणि शिकारीलाही तीच यंत्रणा मागू लागले, तेव्हा चापाजवळची दांडी खाली ओढून भरायच्या रायफली वापरणारे जुने लोक नक्कीच कुरकुरले असतील. आज मी त्यांच्या जागी बसून कुरकुरतो आहे, याची मला जाणीव आहे.

पण ती यंत्रणा इतकी टिकली का, हे हाताने समजून घे. रेंजवर, नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, मॅगझिनमध्ये नकली काडतुसे भर आणि बोल्ट अगदी सावकाश पुढे ढकल. काडतूस मॅगझिनच्या ओठांतून सुटते, वर येते, आणि त्याच्या बुडाची कड बोल्टवरच्या लांब पोलादी आकड्याखाली आपोआप सरकते. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत, जाईपर्यंत काडतूस आकड्याने धरलेले असते. अर्ध्या वाटेत बोल्ट मागे ओढलास तरी ते सोबत परत येते, रायफल उलटी धरलीस तरी तसेच. अंगावर येणाऱ्या जनावरापुढे घाबरून अर्धवट बोल्ट मारणाऱ्या माणसासाठी या पकडीची किंमत काय असेल, ते वेगळे सांगायला नको. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने १९३६ मध्ये आणलेल्या मॉडेल ७० रायफलीत हीच पकड होती. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी त्यांनी ती काढली, तेव्हा गिऱ्हाइकांनी असे तोंड फिरवले की आजही जुन्या बाजारात ‘१९६४ पूर्वीची’ एवढे दोन शब्द भाव चढवतात, आणि पुढे १९९० च्या दशकात कंपनीला ती पकड परत आणावी लागली. घडवणाऱ्यांनाही बदल पचला नाही, आणि तू एका कारागिराच्या भरवशावर निघालास.

काडतुसाबद्दलही तुला शंका आहे की ते जुने आणि दुबळे आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्यानंतर जिम कॉर्बेट यांना जी रिग्बी रायफल भेट मिळाली, ती .२७५ ची, म्हणजे इंग्रजी नाव घेतलेल्या याच ७ बाय ५७ काडतुसाची. हत्तींचे शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी आफ्रिकेत याच काडतुसाने शेकडो हत्ती पाडले. हा आकडा ऐकून मला आज आनंद होत नाही, आणि तूही कोणापुढे तो मिरवू नकोस. पण त्यांनी हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिले होते, एवढे मात्र लक्षात ठेव. रायफल अपुरी वाटली तेव्हा त्यांनी रायफलीऐवजी स्वतःचे ज्ञान वाढवले. करवत लावायचीच असेल तर ती अशा ठिकाणी लावावी.

रायफल बदलू नकोस म्हणजे तिला हात लावू नकोस असा अर्थ घेऊ नकोस. निगा ही वेगळी गोष्ट आहे आणि तीत मी हयगय खपवून घेत नाही. पुढची गोळी मारण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस अडते तिथपर्यंतचे अंतर, तपासून घे आणि चेंबर खरोखर मूळ काडतुसाचेच आहे याची खात्री कर, कारण इतक्या वर्षांत कोणी ते वाढवून दुसऱ्या काडतुसाचे केलेले असू शकते. जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसे वापरलीस तर त्यांच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या रसायनामुळे नळीत क्षार उरतो. तो तेलाने विरघळत नाही, गरम पाण्यानेच धुवावा लागतो, आणि मग कोरडी करून तेल. लाकडाचे म्हणशील तर एका भिजक्या आठवड्यात माझ्या दुसऱ्या रायफलीच्या गोळ्या शंभर मीटरवर एक वीत वर जाऊ लागल्या. मी खाचेला दोष दिला, काडतुसांना दिला, स्वतःच्या श्वासालाही दिला. दस्ता उतरवल्यावर दिसले की लाकूड फुगून नळीला पुढच्या टोकाशी खालून रेटत होते. बाहेरून तेलाने चकचकीत असलेला तो दस्ता आतून, नळीच्या पन्हळीत आणि टोकाच्या पोलादी पट्टीखाली, अगदी कोरडा होता. मी तो सुकू दिला, आतल्या सर्व उघड्या लाकडाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, प्रत्येक हातामध्ये दिवस दोन दिवस जाऊ दिले, आणि स्क्रू पुन्हा आवळताना पुढचा आधी, मागचा नंतर हा क्रम पाळला. पुढच्या पावसात गोळ्या जागेवर राहिल्या. एक कणही तासावा लागला नाही.

चापाबद्दलची तुझी तक्रार मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण तिचा मला राग आला. तो ‘ढिला’ नाही. तो दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा बोटाने खाऊन टाक, जिथे भिंत लागते तिथे थांब, माशी जागेवर आण आणि मग दाब वाढव. रोज रात्री, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, बोल्ट उघडून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, नकली काडतुसावर वीस वेळा हेच कर. महिन्याभराने मला लिही. चाप बदलायचे पैसे तोपर्यंत खिशात राहू दे.

मी हे सगळे ज्या ठामपणे लिहितो आहे तो ठामपणा दर वेळी टिकतोच असे नाही, हेही तुला कळायला हवे. साठी उलटल्यावर मला मागची खाच धूसर दिसू लागली, मग माशीही. माझ्याकडे आज जी रायफल आहे तिला भोके पाडून स्कोप बसवावा असा सल्ला मला तीन समंजस माणसांनी दिला, आणि त्यातल्या एकाचे ऐकून मी तिला पेटीत घालून दारापर्यंत नेलीही होती. मग परत आलो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना माशीपर्यंतचे अंतर फुटपट्टीने मोजून दिले आणि फक्त उजव्या डोळ्यासाठी त्या अंतराची काच करून घेतली. त्यांना वाटले मी चेष्टा करतो आहे. त्या चष्म्याने मला रस्ता ओलांडता येत नाही, पण माशी सुईसारखी दिसते. शंभर मीटर आता माझ्या आवाक्यात नाही. मी पन्नासवर मारतो. हा हट्ट आहे, असे तू म्हणालास तर मी नाकारणार नाही, पण सव्वीसाव्या वर्षी यातला चतुर्थांश हट्ट माझ्याकडे असता तर लाकडाचा तो तुकडा आज माझ्या टेबलाच्या खणात नसता.

तेव्हा कारागिराला दिलेली तारीख उद्याच रद्द कर. त्यानंतर चांगल्या उजेडात बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी कोरलेला क्रमांक आणि रिसीव्हरवरचा क्रमांक दोन्ही वाचून मला लिहून पाठव. चौथ्या छायाचित्रात शेवटचा आकडा ३ आहे की ८ हे मला भिंग लावूनही समजले नाही, आणि दोन्ही क्रमांक जुळत नसतील तर हेडस्पेस तपासेपर्यंत तिच्यात काडतूस घालू नकोस.

तुझा,
एक जुना नेमबाज